कळ कोणाच्या हाती?

दिवाळी हा पंचेंद्रियांचा सण आहे असे म्हटले, तर कोणी हरकत घेऊ नये. बाकीच्या सणांत एखाद्या तरी इंद्रियाला थोडी विश्रांती असते. दिवाळीत मात्र पहाटे अंगावर कोमट तेल पडते तेव्हापासून कोणाचीच सुटका नाही. उटण्याची खरखर, नव्या कपड्याचा कडकपणा, कढईतल्या चकलीचा वास, जिन्यातल्या पणत्या आणि या साऱ्यांवर कडी करणारा फटाक्यांचा दणदणाट! आपल्याला हे सारे आवडते. का आवडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मला वाटते, त्याचे एक कारण अगदी साधे आहे. नकोसे झाले की आपल्याला थांबवता येते. खिडकी लावून घेता येते, सदरा बदलता येतो, पानावर आडवा हात धरून 'पुरे' म्हणता येते.

आता अशी कल्पना करा, की आपल्या घरात एक रेडिओ आहे. त्याचा आवाज कमी करण्याची खुंटी मोडलेली आहे, सगळी स्टेशने एकाच वेळी लागलेली आहेत आणि बंद करण्याची कळ शेजाऱ्याच्या घरात आहे. काही मुलांची दिवाळी अशी असते. त्यांतल्या कित्येकांची दिवाळीनंतरची भाऊबीज, पाडवा, शाळेची घंटा आणि रोजची सकाळही तशीच असते.

या मुलांना मराठीत आपण 'स्वमग्न' म्हणतो. शब्द मोठा देखणा आहे. पण मराठी शिकविणारा माणूस म्हणून मला त्याविषयी थोडी तक्रार आहे. 'मग्न' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो ध्यान लावून बसलेला ऋषी, नाही तर कवितेत बुडालेला कवी. जगाशी त्याचे काही देणेघेणे नाही, असा भाव त्या शब्दात येतो. अर्थात याचा दोष एकट्या मराठीकडे नाही. मूळ 'ऑटिझम' हा शब्दही ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरूनच आलेला आहे. ब्लॉयलर या स्विस मनोवैद्याने तो प्रथम निराळ्याच रुग्णांविषयी वापरला आणि १९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तो उचलला. तेव्हापासून ही मुले स्वतःत बुडालेली आहेत अशी समजूत रूढ झाली. त्यांच्यापैकी जी पुढे लिहू-बोलू लागली, त्यांतल्या अनेकांनी सांगितले ते वेगळेच. बुडालो होतो खरे, पण स्वतःत नव्हे; जगात बुडालो होतो! आवाज, उजेड, वास, गर्दी यांचे पाणी नाकातोंडात जात होते. २०१३ साली अमेरिकन मनोवैद्यांनी निदानाचे नवे निकष छापले. संवेदना फार तीव्र किंवा फार मंद लागणे, ही गोष्ट तेव्हा कोठे त्या यादीत रीतसर आली.

गंमत अशी, की कॅनर यांच्या त्या पहिल्या निबंधातच ही खूण स्पष्ट होती. त्यांच्या मुलांना कशाकशाची भीती वाटे, याची एक यादी त्यांनी दिली आहे. लिफ्ट, धूळ ओढण्याचे यंत्र, नळाचे वाहते पाणी, गॅसची शेगडी, अंडी फेटण्याचे यंत्र, इतकेच काय, वारासुद्धा! पण त्यापुढेच त्यांनी एक निरीक्षण नोंदवले आहे, आणि मला विचाराल तर सगळा विषय त्या एका निरीक्षणात आहे. ज्या आवाजाला मूल घाबरते, तेवढाच मोठा आवाज ते स्वतः खुशाल करीत बसते, आणि आनंदाने करते. म्हणजे भीती आवाजाची नव्हे. न विचारता अंगावर येणाऱ्या आवाजाची.

ही इंद्रिये तरी पाचच आहेत काय? आपल्या दर्शनांनी पाच मोजली आणि शाळेनेही तीच शिकवली. जीन आयर्स या कॅलिफोर्नियातल्या विदुषीने १९७२ साली या विषयावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. तीत दोन आणखी इंद्रियांना मानाचे पान होते. एक, शरीराचा तोल सांभाळणारे, जे कानाच्या आतल्या भागात असते. आणि दुसरे, आपला हात-पाय कोठे आहे हे न पाहता सांगणारे, जे स्नायूंत आणि सांध्यांत पसरलेले असते. एखादे मूल गोल गोल फिरत राहते, उशांच्या ढिगात स्वतःला कोंबून घेते किंवा भिंतीला पाठ घासते, तेव्हा ते चाळे करीत नसते. त्याच्या या दोन इंद्रियांना जे हवे आहे ते ते शोधीत असते. आणि आपली भाषा पाहा! मऊसूत, गुळगुळीत, बुळबुळीत, चरचरीत, खडबडीत, लुसलुशीत, ठणठणीत... मराठी माणसाच्या कातडीला आणि कानाला किती बारीक भेद कळतात, याचा हा पुरावा. ज्या मुलाला यांतला एकही शब्द बोलता येत नाही, त्यालाही ते सगळे भेद कळत असतात. कदाचित आपल्याहून जास्तच.

अशा मुलांसाठी खास खोली बांधावी, ही कल्पना नवी नाही. १९६६ साली क्लीलंड आणि क्लार्क या दोघा अमेरिकनांनी 'संवेदनांचे उपाहारगृह' सुचविले होते. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या एडे गावच्या हार्टेनबर्ग संस्थेत यान हुल्सेगे आणि आड फेरहूल यांनी अशा खोल्या उभ्या केल्या आणि त्यांना नाव दिले 'स्नूझेलेन'. हुंगणे आणि पेंगणे या अर्थाच्या दोन डच शब्दांची ही जोडी आहे. मंद उजेड, पाण्यात बुडबुडे सोडणारी उंच नळी, प्रकाशाचे तंतू, मऊ गाद्या, संथ संगीत. तेथे कोणी काही शिकवायचे नाही, कोणी घाई करायची नाही.

कल्पना चांगली होती आणि चांगल्या कल्पनेचे जे होते तेच तिचेही झाले. तिचे दुकान निघाले. आज सूचिपत्रातून अशा खोलीचे सामान मागवता येते, आणि त्याच्या किमती पाहून मध्यमवर्गीय बापाच्या पोटात गोळा येतो. ज्यांना परवडते अशा काही ठिकाणी खोली सजते, उद्‌घाटन होते, फोटो निघतात. मग मुलाला आत नेऊन बसवायचे आणि मोठ्या माणसाने भिंतीवरची बटणे दाबायची. आता निळा, आता हिरवा. मुलाने पाहावयाचे. हे तर दूरदर्शनच झाले, फक्त महागडे.

मुलाच्या हाती कळ देण्याचे दोन दाखले मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटतात. पहिला टेंपल ग्रँडिन यांचा. या बाई स्वतः स्वमग्न, आणि पुढे जनावरांच्या शास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ऐन तारुण्यात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गोठ्यावर असताना त्यांनी पाहिले, की लस टोचण्यापूर्वी गुरांना दोन फळ्यांमध्ये दाबून धरतात, तेव्हा त्यांतली काही शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसलेच यंत्र बनविले. माणसाची मिठी त्यांना सोसत नसे. या यंत्राची मिठी सोसे, कारण ती किती घट्ट व्हावी आणि केव्हा सुटावी, हे ठरविणारा दांडा त्यांच्याच हातात होता.

दुसरा दाखला या शतकाच्या आरंभीचा. इंग्लंड, स्पेन आणि हॉलंडमधल्या काही विद्यापीठांनी मिळून 'मीडिएट' नावाची एक षट्कोनी जागा तयार केली. बोलणे नसलेल्या मुलांसाठी ती होती. मूल आत जाई. पाऊल टाकले की जमीन त्या पावलाचा आवाज करी, भिंतीला हात लावला की भिंत उत्तर देई, हात हलवला की मोठ्या पडद्यावरची चित्रे त्याबरोबर हलत. मूल उभे राहिले की सगळे शांत. कोणी हुकूम देणारे नाही. मुलाच्या हालचालीनेच खोली चाले. ते औषध आहे असा दावा कर्त्यांनी केला नाही. 'मी काही केले आणि जगात काही झाले' एवढा अनुभव या मुलांना मिळावा, इतकीच त्यांची इच्छा होती. सुदृढ मुलाला हा अनुभव पाळण्यातल्या खुळखुळ्यापासून मिळतो. यांना तो मिळायला षट्कोनी खोली लागली!

मग २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार ते बारा वर्षांची एक्केचाळीस स्वमग्न मुले. खोली तीच, दिवे तेच. फरक एवढाच, की एका वेळी त्या दिव्यांची आणि आवाजाची सूत्रे मुलाच्या हाती आणि दुसऱ्या वेळी नाहीत. सूत्रे हाती असताना मुलांचे लक्ष अधिक लागले, आणि तीच तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे कमी झाले. एक्केचाळीस म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे, हे मान्य. पण कॅनर यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी जे डोळ्यांनी पाहिले होते, ते येथे मोजून पाहिले गेले.

हे सारे हॉलंडात आणि वेल्समध्ये ठीक आहे. निगडी-भोसरी-चाकणच्या माणसाला त्याचे काय? असे आपण विचाराल. मला तर वाटते, की असली खोली बांधायला आमच्या पट्ट्याइतके लायक गाव शोधून सापडायचे नाही. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, मग औद्योगिक वसाहत आली, मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, आणि पुढे चाकणपर्यंत शेडच्या रांगा लागल्या. इथल्या माणसाला कळीचे शास्त्र शिकवावे लागत नाही. चांगल्या प्रेसला दोन कळा असतात. दोन्ही हात त्यांवर ठेवल्याखेरीज प्रेस खाली येत नाही. वस्तू जवळ आली की ओळखणारा सेन्सर, दार उघडे राहिले तर यंत्र बंद पाडणारा लिमिट स्विच, पायाने दाबायचे पेडल हे सामान भोसरीच्या कोणत्याही गाळ्यात भंगारातसुद्धा मिळेल. डच लोकांनी जी खोली विकत देऊ केली, तिचा अर्धा जीव या भंगारात पडलेला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सचे काम पाहतो. बी.ए.ला मराठी घेतले होते; पोट मात्र आय.टी.आय.ने भरले. गाव परभणीकडचे, बिऱ्हाड चिखलीत, दोन खोल्या. त्याचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि बोलत नाही. एका शाळेने 'इतर पालकांची तक्रार येते' म्हणून नाव काढायला लावले. गावाकडची आजी जवळ नाही, नवरा एक आठवडा पहिल्या पाळीला तर एक आठवडा रात्रपाळीला; आणि खाली रस्त्यावर डंपरचे हॉर्न. त्या माउलीने एकटीने काय काय केले असेल, ते तिचे तीच जाणे.

त्या घरात सर्वांत मोठा वैरी होता मिक्सर. चटणी वाटायची म्हटली की पोर किंचाळत संडासात जाऊन कोंडून घेई, आणि नंतर तासभर भिंतीवर डोके आपटे. शेवटी तिने मिक्सर पोटमाळ्यावर टाकला आणि पाटा आणला. गृहिणींना सांगायला नकोच, सकाळच्या डब्याच्या घाईत पाट्यावर वाटणे म्हणजे काय असते ते!

माझ्या विद्यार्थ्याने आधी केला तो एक डबा. बारा व्होल्टची बॅटरी, एक दिवा, एक लहान पंखा, एक गुणगुणणारा बझर. आणि प्रत्येकाला जोडलेली पायाने दाबायची एकेक पाटी. पाय ठेवला की चालू, काढला की बंद. पहिले आठ-दहा दिवस मुलाने डब्याकडे पाहिलेही नाही. मग पंख्याची पाटी त्याला आवडली. बझरच्या पाटीवर चुकून पाय पडला, की तो पाय असा उचली, जणू विस्तवावर पडला! पण पाय उचलला की आवाज थांबतो, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने मुद्दाम ठेवून पाहिला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. त्या दिवशी त्याने तो बझर किती वेळ वाजवला हे सांगताना बाप हसत होता आणि आई रागावली होती. कारण रात्रपाळी करून आलेला नवरा झोपला नव्हता.

मिक्सरची युक्ती मात्र आईची. तिने तो खाली काढला, झाकण घट्ट लावले, भांड्यावर आपला हात दाबून ठेवला आणि भिंतीवरचे बटण मुलाला दाखवले. स्वतः दाबले नाही. तीन दिवस काहीच झाले नाही. ती रोज तशीच उभी राही आणि मग पाट्याकडे वळे. चौथ्या दिवशी त्याने बटण दाबले, क्षणात बंद केले आणि पळून गेला. पण परत आला. "सर, आता चटणी तोच करतो," असे ती मला म्हणाली. चटणी थोडी जाडसर राहते, कारण बटण लवकर बंद होते. घरात कोणाची तक्रार नाही.

यावरून मुलगा बरा झाला असे मात्र कोणी समजू नये. तो अजून बोलत नाही. स्वमग्नता हा काही ताप नव्हे, की उतरावा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे आपल्या मोठ्याशा सोसायटीत एक-दोघे असणारच. खोली बांधून किंवा डबा बनवून 'मूल नॉर्मल करून देतो' म्हणणारा भेटला, तर त्याला नमस्कार करावा आणि पायऱ्या उतराव्यात. अनुभवी माणसांचा सल्ला घ्यावा तो वेगळा. पुण्यात १९६४ साली सुरू झालेल्या 'कामायनी'चे काम निगडीतही चालते, 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' पुण्यात आहे, आणि महापालिकेने पिंपरीला मोरवाडीत दिव्यांग भवन उभारले आहे. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वांच्या यादीत स्पष्ट जागा दिली आहे. त्यामुळे दाखला मागायला संकोच करण्याचे कारण नाही.

आणि खर्चाविषयी म्हणाल, तर आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे. माँटेसोरीबाईंची इंद्रियशिक्षणाची साधने आज सुखवस्तू घरातल्या मुलांच्या बालवर्गात दिसतात. ती मुळात रोममधल्या मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांसोबत काम करताना बाईंना सुचली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा इटालियन साधनांना पैसा कोठला? त्यांनी शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने गोळा केली आणि काम चालवले. आपल्या घरात तर याहून पुष्कळ आहे. परातीतले तांदूळ आणि मूग. कणकेचा गोळा. दाराच्या चौकटीला बांधलेला साडीचा झोका. आजीची गोधडी, विकतच्या जड पांघरुणाला तोड नाही अशी ती असते, मात्र मुलाला स्वतःच्या हाताने बाजूला सारता येईल एवढीच जड असावी, आणि तान्ह्या बाळावर तर कधीच घालू नये. कोपऱ्यात खाटेखाली चादर सोडून केलेली अंधारी गुहा. तीत शिरायचे केव्हा आणि बाहेर यायचे केव्हा, हे मुलाने ठरवायचे. आपण फक्त पाहुण्यांना सांगायचे, की गुहेत डोकावू नका.

दिवाळीचे थोडे सांगतो. फटाक्याच्या आवाजाला कायद्याने मर्यादा आहे. चार मीटरवर १२५ डेसिबल. ही मर्यादासुद्धा ज्याचे कान तिखट आहेत त्याला भयंकर आहे, आणि जिन्यात लावलेल्या माळेला चार मीटरही मिळत नाहीत. चिखलीच्या त्या इमारतीत गेल्या वर्षीपासून मुलांनी आपणहून एक पद्धत पाडली आहे. ती काढणारी आठवीतली एक मुलगी आहे. फटाके फाटकाबाहेर, आवारात फक्त भुईनळे. आणि भुईनळा लावण्याआधी पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहायचे. तो मुलगा तेथे कानांवर जाड हेडफोन लावून उभा असतो. त्याने हात वर केला की लावायचा. कधी कधी तो दहा मिनिटे हात वर करीत नाही. तेव्हा पोरे काडेपेटी हातात धरून थांबतात, कुरकुरतात, आणि तरी थांबतात.

परवा माझा विद्यार्थी आला होता. डब्याची दुसरी आवृत्ती चालली आहे. ती मोशीतल्या एका मुलीसाठी. तिला उजेड सोसत नाही, पण थरथर आवडते. म्हणून बंद पडलेल्या मोबाइलमधल्या मोटारी उशीत शिवल्या आहेत. या खेपेस त्याने डब्याच्या मधोमध कारखान्यातल्यासारखे मोठे, तांबडे, अळंबीच्या आकाराचे बटण बसवले आहे. ते दाबले की सगळेच एकदम बंद.

"सर, यावर मराठीत काय लिहू? 'थांबा' लिहू का 'बंद'?"

मुलीला अजून वाचता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी आम्ही त्यावर चांगला अर्धा तास घातला. 'थांबा' एस.टी.च्या पाटीसारखा वाटला, आणि 'बंद' म्हटले की दुकानांची शटरे आठवली. शेवटी 'पुरे' ठरले. अक्षरे पेंटरकडून घालून घेईन, म्हणाला. रविवारी मोशीला पोचवायचा आहे.